नोकरी सोडून मातीत उतरणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

कंपनीतील नोकरी सोडून गोव्यात मातीच्या आरोग्यावर आणि शेतकऱ्यांबरोबर काम करू इच्छिणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांपैकी बरेच जण हा निर्णय डिसेंबरात घेतात, आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते. डिसेंबरात हवा सुखद असते, कापणी उरकलेली असते, शेतकरी बोलायला मोकळा असतो. जी जमीन आपण सुधारणार ती जुलैमध्ये गुडघाभर पाण्याखाली कशी दिसते, हे मात्र पाहिलेले नसते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इथल्या मातीचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या पाण्याशी जोडलेले आहेत. राजीनाम्यापूर्वी रजा काढून इथे यायचेच असेल, तर ती लावणीच्या दिवसांत काढावी आणि दुसरी एप्रिलअखेरीस काढावी.

खाजनातला सप्टेंबरचा नमुना

ही चूक मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. तिसवाडीतील एका गावात बँकेच्या तंत्रज्ञान विभागातून बाहेर पडलेले एक गृहस्थ आले. माणूस प्रामाणिक, कष्टाळू आणि कमालीचा घाईचा. त्यांनी सप्टेंबरात खाजन शेतांतून, म्हणजे खाडीलगतच्या, बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतांतून, मातीचे नमुने काढले आणि प्रयोगशाळेत दिले. अहवालात विद्युतवाहकता एकपेक्षा कमी, म्हणजे क्षार ‘सामान्य’, असे आले. आकडा बरोबर होता. पावसाळाभर शेतातून गोडे पाणी वाहून गेल्यावर वरच्या थरातले मीठ धुतले जाते, म्हणूनच तर खाजनात पावसाळ्यात कोरगुटासारखे मीठ सोसणारे भात पिकते. या गृहस्थांनी मात्र तो आकडा वर्षभराचा धरला आणि भातानंतर त्याच जमिनीत अळसांदे (चवळीचा प्रकार) घेण्याची योजना आखली. शिवाय खारे पाणी आत येऊ नये म्हणून मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, उन्हाळाभर बंद ठेवावी, असेही सुचवले.

मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. भात कापून झाल्यावर ती मुद्दाम उघडी ठेवून खारे पाणी आणि त्याबरोबर मासळी आत घेतली जाते, आणि त्या मासेमारीच्या लिलावातून बांधांच्या दुरुस्तीचा काही खर्च निघतो. मानस बंद ठेवा म्हणणे म्हणजे बांधाच्या डागडुजीचे पैसे बंद करा म्हणणे, हे त्यांच्या तक्त्यात कुठेच नव्हते. गावाने ती सूचना ऐकून घेतली आणि सोडून दिली. दोघा तरुण शेतकऱ्यांनी मात्र वरच्या बाजूच्या चार वाफ्यांत अळसांदे पेरले. उगवण चांगली झाली. पुढे जमीन सुकू लागली, तसे खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढले. फेब्रुवारीत मी तिथे गेलो तेव्हा ढेकळांच्या कडांवर पिठूळ पांढरा थर होता, बोटाने खरवडून जिभेला लावला तर चव सरळ मिठाची. जुन्या पानांच्या कडा आतल्या बाजूला जळत गेल्या होत्या, शेंगा धरल्याच नव्हत्या. एका वृद्ध कुळाने त्यांना एवढेच विचारले, की पेरण्याआधी आम्हाला का नाही विचारले.

माझी सवय अशी आहे की खाजनाचा एकच नमुना मी स्वीकारत नाही. एक पाऊस ओसरल्यावर आणि एक मेमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी, त्याच वाफ्यातून. नमुन्याच्या पिशवीवर तारीख, शेवटचा पाऊस कधी झाला आणि मानस त्या आठवड्यात उघडी होती की बंद, हे लिहिल्याशिवाय ती पिशवी प्रयोगशाळेत जात नाही. कोणाला हा अतिरेक वाटतो, वाटू द्यावा.

नमुना काढण्याच्या बाकी चुका लहान आहेत, पण रोजच्या आहेत. बांधालगत, शेणखताच्या ढिगाजवळ, झाडाच्या सावलीत किंवा खत टाकल्यावर लगेच नमुना काढू नये. भातशेतात १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या भिंतीची माती घ्यावी, आठ-दहा ठिकाणची एकत्र करून, चार भाग करत अर्धा किलोवर आणावी आणि सावलीत वाळवावी. जस्त तपासायचे असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये. माड-सुपारीच्या बागेत, म्हणजे कुळागरात, मुळे खोल असल्याने ३० सेंटिमीटरपर्यंतचा आणि त्याखालचा, असे दोन वेगळे नमुने हवेत.

सामू पाहिला की चुना

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात सामू (पीएच), विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी असतात. नवख्या माणसाची नजर सामूवर जाते, कारण गोव्याच्या जांभ्या मातीत तो सहज साडेपाचच्या आसपास किंवा खाली असतो, आणि कमी म्हणजे वाईट एवढे त्याने वाचलेले असते. मग चुन्याची पोती मागवली जातात. परंतु प्रयोगशाळेत वाळवलेली माती तपासतात आणि भाताची माती पाण्याखाली असते. पाणी साचल्यावर मातीतल्या लोहाचे क्षपण होते, त्यात आम्लता खर्च होते, आणि काही आठवड्यांत सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो. त्यामुळे भरपूर पाणी साचणाऱ्या भातशेताला केवळ सामूच्या आकड्यासाठी चुना घालणे हा बहुधा वाया जाणारा खर्च आहे. त्या शेतात पाण्यावर तेलकट तांबूस तवंग आणि भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसत असतील, तर प्रश्न लोहाच्या आधिक्याचा असू शकतो. तिथे आधी निचरा आणि पालाश (पोटॅश) यांकडे पाहावे.

जिथे चुना खरोखर लागतो, म्हणजे मोरडावर (पाणी न साचणाऱ्या उंच जमिनीवर) किंवा भाजीच्या वाफ्यात, तिथेही मात्रा केवळ सामूवरून ठरत नाही. समान सामू असलेल्या रेताड आणि चिकण मातीला लागणारा चुना वेगळा असतो, चिकण मातीला जास्त. डिचोली तालुक्यातील एका शेतावर एका उत्साही संस्थेने चुना आणि युरिया एकाच सकाळी मिसळून टाकताना मी पाहिले. नाकाला झोंबणारा वास येत होता, म्हणजे विकत घेतलेले नत्र अमोनिया होऊन हवेत चालले होते. चुना पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावा, युरिया नंतर वेगळा द्यावा. अति चुन्याने जस्त आणि बोरॉनची टंचाई उद्भवते, ती पुढे निस्तरत बसावी लागते.

स्फुरदाबद्दल (फॉस्फरसबद्दल) एवढेच, की आम्ल जांभ्या मातीत ते लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते, म्हणून सरसकट पसरण्यापेक्षा मुळांजवळ द्यावे, आणि बागायतीत रॉक फॉस्फेटचा विचार करावा.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण, शिंपडले म्हणजे खत दिले, असे मानू नये. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेणातले नत्र किती असणार, हे तोंडी गणित आहे.

जोराचा पाऊस येण्याच्या आदल्या दिवशी युरिया टाकू नये. तो ओहोळाला जातो.

कर्ब वाढवण्याचे वायदे

कंपनीतून आलेल्यांना मोजता येणारे उद्दिष्ट हवे असते, म्हणून ‘दोन वर्षांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याने वाढवू’ असे ते शेतकऱ्यांना आणि देणगीदारांना सांगून मोकळे होतात. एक हेक्टरवरील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २,००० टन असते. त्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे दोन टन कर्ब मातीत टिकवायचा, आणि उष्ण, दमट हवेत घातलेल्या सेंद्रिय पदार्थाचा मोठा भाग वर्षभरातच कुजून वायुरूपाने निघून जातो. अर्धा टक्का म्हणजे याच्या पाचपट. हे गणित आधी कागदावर करावे आणि मगच तोंड उघडावे. शिवाय कुळागराच्या मातीत कर्ब आधीच बरा असतो. तिथे वाढवण्यापेक्षा टिकवण्याचा प्रश्न असतो, आणि सुपारीची पडलेली झापे जाळू नयेत एवढे पटवून देता आले तरी एका हंगामाचे काम झाले.

जमीन कोणाची, हे न विचारणे

शेताच्या कडेला भेटलेला माणूस त्या शेताचा मालक असेलच असे नाही. तो कूळ असेल, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत राबणारा असेल, किंवा कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामायिक, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कसत असेल. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्तीने कुळांना हक्क दिले, तरी घरोघरी कागदपत्रांची अवस्था निराळी आहे. पाच वर्षांनी फळ देणारी माती-सुधारणा ज्याचा कसण्याचा हक्कच वादात आहे अशा माणसाला सुचवल्यावर तो नम्रपणे हो म्हणतो आणि काही करत नाही. मग आमचे नवे मित्र त्याला आळशी ठरवतात. पहिल्या भेटीत नमुना काढू नये. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) कोणाच्या नावावर आहे, बांध कोण दुरुस्त करतो आणि पाणी कोण सोडतो, हे विचारावे. स्वतः भातशेतीची जमीन विकत घेऊन प्रयोग करण्याचा बेत असेल, तर शेतकरी नसलेल्याला अशी जमीन हस्तांतरित करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत, हे दलालाच्या आधी वकिलाकडून समजून घ्यावे.

खर्चाबद्दल मी एकच आग्रह धरतो. निदान दोन पावसाळे पगाराविना निघतील एवढी पुंजी हाती असावी, कारण शेतकरी पहिल्या वर्षी सल्ल्याचे पैसे देत नाही आणि देऊही नयेत. ज्याला पहिल्याच चतुर्थीपर्यंत उत्पन्न दिसायला हवे, तो अखेरीस खताची एजन्सी घेतो आणि ज्या शेतकऱ्याला मातीपरीक्षण शिकवायला आला होता, त्यालाच परीक्षण न करता पोती विकू लागतो. अशी दुकाने फोंडा-डिचोलीच्या रस्त्यांवर दाखवता येतील.