बोलण्यातलं 'आणि' कोडमध्ये 'किंवा' होतं तेव्हा

'शनिवारी आणि रविवारी बंद' हे वाक्य कोडमध्ये जसंच्या तसं उतरवलं की असं दिसतं:

वार == "शनि" && वार == "रवि"

ही अट कधीच खरी ठरत नाही, कारण वार एका वेळी एकच असतो. इथे || (म्हणजे 'किंवा') हवं. बोलताना आपण 'आणि'ने यादी जोडतो; && मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या आहेत का, एवढंच पाहतं. म्हणून वाक्यातला शब्द उचलू नका. वार = "शनि" अशी एक किंमत घ्या आणि प्रत्येक बाजूचं उत्तर कागदावर लिहा: ट्रू (खरं) किंवा फॉल्स (खोटं). && ला दोन्ही ट्रू लागतात, || ला एक पुरतं, ! उत्तर उलटवतं. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये ही चिन्हं आहेत. पायथनमध्ये त्यांच्या जागी अँड, ऑर, नॉट हे शब्द येतात.

दुरुस्त करतानाही घाई नडते. वार == "शनि" || "रवि" असं लिहिलं तर जावास्क्रिप्टमध्ये (आणि || च्या जागी ऑर लिहून पायथनमध्ये) अट रोजच खरी होते: उजवीकडे तुलना उरलेलीच नाही, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) खरी धरली जाते. तुलना दोन्हीकडे पूर्ण लिहायची.

सगळ्यात जास्त चुका नकारात होतात. वय 18 ते 60 मध्ये नसेल तर अर्ज नाकारायचा आहे:

!(वय >= 18 && वय <= 60)

कंस सोडवताना तीन गोष्टी बदलतात: >= चं < होतं, <= चं > होतं आणि && चं || होतं. म्हणजे वय < 18 || वय > 60. हा डी मॉर्गनचा नियम. && तसंच राहिलं, तर 18 पेक्षा लहान आणि 60 पेक्षा मोठा असा माणूस शोधला जातो आणि एकही अर्ज नाकारला जात नाही. < ऐवजी <= पडलं, तर नेमका 18 वर्षांचा अर्जदार अडकतो. तपासायला 17, 18, 60, 61 हे चार आकडे पुरतात.

क्रमही महत्त्वाचा. && ची डावी बाजू फॉल्स निघाली की उजवी तपासलीच जात नाही. म्हणून

लांबी > 0 && यादी[0] == 5

हे रिकाम्या यादीवरही सुरक्षित आहे (यादी[0] म्हणजे यादीतला पहिला घटक). बाजू उलटल्या तर पायथन किंवा जावामध्ये प्रोग्राम तिथेच एरर देतो. याच कारणाने किंमत बदलणारं फंक्शन उजव्या बाजूला ठेवू नये. ते कधी चालेल, कधी नाही. एकेरी & वापरलं की हे संरक्षण जातं, कारण ते दोन्ही बाजू तपासतं. सीमध्ये तर ते आकड्यांचे बिट (0 आणि 1 हे अंक) जुळवतं: 1 && 2 खरं, पण 1 & 2 शून्य.

&& आणि || एकाच ओळीत आले तर कंस द्याच. && आधी सुटतं, त्यामुळे प्रमुख || सदस्य && फी_भरली या ओळीत प्रमुखाला फीची अट लागतच नाही. दोघांनाही लागायला हवी असेल, तर (प्रमुख || सदस्य) && फी_भरली. शंका असेल तर तिन्हींच्या ट्रू-फॉल्सच्या 8 जोडण्या मांडा. प्रमुख ट्रू आणि फी फॉल्स असलेल्या दोन ओळींतच दोन्ही रूपांची उत्तरं वेगळी येतात.