रस्ट आणि ॲक्सम: मालकी आधी, सर्व्हर नंतर

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा आणि ॲक्सम हे तिच्यात वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क, ही दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका. ‘प्रोजेक्ट करता करता भाषा येते’ हा सल्ला पायथन किंवा जावास्क्रिप्टला चालून जातो, इथे तो घात करतो. ॲक्सममध्ये नवशिक्याला अडवणारी एरर बऱ्याचदा ॲक्समची नसतेच. ती मालकीची, म्हणजे ओनरशिपची (कुठली व्हॅल्यू कोणाच्या ताब्यात आहे या नियमांची) असते, फक्त जेनेरिक्स (अनेक प्रकारांना चालणारा कोड) आणि असिंकच्या (वाट बघताना दुसरं काम करू देणाऱ्या कोडच्या) थरांखाली दबून आलेली. मूळ गोष्ट पाच ओळींच्या प्रोग्राममध्ये ओळखता येत नसेल, तर हँडलरमध्ये, म्हणजे विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये, ती ओळखू येण्याची आशाच नाही.

रस्टअप या इन्स्टॉलरने रस्ट टाका, एडिटरला चुका दाखवणारा रस्ट-ॲनालायझर जोडा, कार्गो या रस्टच्या बिल्ड टूलच्या ‘कार्गो न्यू’ने प्रोजेक्ट काढा.

पहिले दोन-तीन आठवडे: फक्त टर्मिनल

छोटे प्रोग्राम लिहा. फाइलमधल्या ओळी मोजा. कुठला शब्द किती वेळा आला ते हॅशमॅपमध्ये (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांत) साठवा. खर्चाची यादी ठेवा, तिच्यात नोंद घाला, बदला, खोडा. असिंक नको, थ्रेड नको. आणि लिंक्ड लिस्ट (एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोडची यादी) तर अजिबात नको. इतर भाषांमध्ये तो पहिला सराव असतो, पण दुहेरी लिस्टमध्ये प्रत्येक नोडकडे दोन बाजूंनी बोट दाखवलेलं असतं आणि रस्टला प्रत्येक वस्तूचा एकच मालक हवा असतो. भाषेचं सगळ्यात अवघड टोक पहिल्याच दिवशी धरण्यात काही शहाणपण नाही.

देवनागरी मजकुरावर काम करणार असाल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. स्ट्रिंगची लांबी बाइट्समध्ये मोजली जाते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी १५ येते, कारण त्यात काना-वेलांटी धरून पाच चिन्हं आहेत आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात. तिचे पहिले चार बाइट कापायला गेलात तर प्रोग्राम तिथेच पॅनिक होतो, म्हणजे एरर दाखवून बंद पडतो. अक्षरं हवी असतील तर ‘चार्स’ वापरा, पण तिथेही काना आणि वेलांटी सुट्या मोजल्या जातात.

मालकी: इथे घाई नको

एका व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग ठेवा, ते दुसऱ्या व्हेरिएबलला द्या आणि मग पहिलं छापून बघा. कंपायलर ई०३८२ ही एरर देईल: व्हॅल्यू आधीच हलवली आहे. असं का होतं, ते एकदा कागदावर काढाच. स्ट्रिंगचे दोन भाग असतात. स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) तीन आकडे: पत्ता, लांबी आणि क्षमता. खरा मजकूर हीपवर (लागेल तशी मागून घेतलेल्या मेमरीत). दुसऱ्या व्हेरिएबलला देताना फक्त ते तीन आकडे जातात, मजकूर जागचा हलत नाही. दोन्ही व्हेरिएबलं जिवंत राहिली असती तर शेवटी दोघांनीही तीच मेमरी मोकळी केली असती. म्हणून पहिलं बाद होतं. पूर्णांकाच्या बाबतीत हे घडत नाही, कारण त्याचं हीपवर काहीच नसतं, त्याची सरळ नक्कल होते. फंक्शनला स्ट्रिंग दिली तरी हाच नियम: दिली म्हणजे गेली. परत हवी असेल तर उसनी द्या, म्हणजे नावाच्या आधी & लावा.

उसनवारीचा नियम एका वाक्याचा आहे: एका वेळी वाचणारे कितीही, किंवा बदलणारा एकच. पाठ सगळ्यांचं असतं, अडतं ते कारणापाशी. वेक्टरमधल्या (वाढू शकणाऱ्या यादीतल्या) पहिल्या घटकाचा रेफरन्स, म्हणजे उसना पत्ता, घ्या, मग त्याच वेक्टरमध्ये नवा घटक पुश करा आणि नंतर तो रेफरन्स छापा. ई०५०२ येईल. वरवर पाहता तक्रार निरर्थक वाटते, कारण आपण भर घातली शेवटी आणि रेफरन्स आहे पहिल्याचा. पण वेक्टरची क्षमता संपलेली असेल तर पुश करताना मोठी जागा घेतली जाते, सगळे घटक तिकडे हलतात आणि जुनी जागा सोडून दिली जाते. तुमचा रेफरन्स त्या सोडलेल्या जागेकडेच बघत राहिला असता. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की बॉरो चेकर (उसनवारीचे नियम तपासणारा कंपायलरचा भाग) अडवणूक करतोय असं वाटणं थांबतं. उपाय साधा आहे: रेफरन्सचं काम पुशच्या आधी उरका, नाहीतर रेफरन्सऐवजी इंडेक्स जवळ ठेवा.

उसनवारी शेवटच्या वापरापर्यंतच टिकते, कंस संपेपर्यंत नाही. २०१८च्या एडिशनपासून हे असंच आहे. त्याआधीच्या लेखांमध्ये जिथे तिथे जादा महिरपी कंस घातलेले दिसतात, ते उचलू नका.

‘अडलं की क्लोन लाव’, म्हणजे व्हॅल्यूची नक्कल काढ, हा सर्रास दिला जाणारा सल्ला. क्लोन पाप नाही, शिकताना खुशाल वापरा. पण आधी एरर कशामुळे आली ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाहीतर महिन्याभराने कोडमध्ये चाळीस क्लोन असतील आणि मालकी अजून तितकीच परकी.

लाइफटाइमची (रेफरन्स कुठवर वैध आहे हे सांगणाऱ्या खुणेची) भीती घालवायला एक नियम पुरतो: स्ट्रक्टच्या (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या प्रकाराच्या) फील्डमध्ये मालकीची स्ट्रिंग ठेवा, फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये उसनी घ्या. फील्डमध्ये रेफरन्स ठेवलात तर कंपायलर ई०१०६ देईल आणि लाइफटाइम जोडायला सुचवेल. तो सल्ला व्याकरणाने बरोबर असतो, पण नवशिक्याने तो ऐकू नये. एका स्ट्रक्टला लाइफटाइम जोडला की तो त्याला वापरणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्टमध्ये आणि फंक्शनमध्ये पसरतो.

एरर वाचताना सगळ्यात वरून सुरुवात करा, पहिलीच दुरुस्त करा आणि ‘कार्गो चेक’ पुन्हा चालवा. खालच्या कितीतरी तिच्यामुळेच आलेल्या असतात. ‘रस्टसी’ या कंपायलरला ‘एक्सप्लेन’ आणि एररचा क्रमांक दिला की उदाहरणासह खुलासा मिळतो, आणि तो खरोखर चांगला लिहिलेला असतो.

ऑप्शन (व्हॅल्यू असेल किंवा नसेल), रिझल्ट (यश किंवा एरर) आणि एरर पुढे पाठवणारा प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर दोन दिवसांत हाताला बसतात.

आता ॲक्सम

‘कार्गो ॲड’ने ॲक्सम, टोकियो (असिंक कामं चालवणारी लायब्ररी) आणि सर्डी (डेटाचं जेसन आणि जेसनचा डेटा करणारी लायब्ररी) घ्या. टोकियोचं ‘फुल’ आणि सर्डीचं ‘डिराइव्ह’ फीचर चालू करा. पहिल्या बिल्डला वेळ लागतो, लागू द्या.

जुन्या ट्युटोरियलपासून सावध राहा. ०.७ आवृत्तीत ॲक्सममधला जुना ‘सर्व्हर’ हा प्रकार गेला. आता टोकियोचा टीसीपी लिसनर पोर्टला बांधून तो ‘सर्व्ह’ फंक्शनला द्यायचा. ०.८मध्ये पाथमधला बदलता भाग कोलनऐवजी महिरपी कंसात लिहायचा असतो. हा दुसरा बदल जास्त फसवतो, कारण कोलनवाला कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि सर्व्हर सुरू होताना पॅनिक होतो.

मग एक दिवस ती एरर येते: तुमच्या फंक्शनला हँडलर ट्रेट (प्रकाराने पाळायचा करार) लागू होत नाही. का, ते त्यात नीट सांगितलेलं नसतं. अंदाजाने प्रकार बदलत बसू नका. ॲक्समचं ‘मॅक्रोज’ फीचर चालू करा आणि फंक्शनच्या डोक्यावर ‘डीबग हँडलर’ हा ॲट्रिब्यूट लावा. एरर नेमक्या जागी बोट ठेवायला लागते.

कारणं बहुतेक तीनच निघतात. पहिलं, जेसन शेवटचा पॅरामीटर नाही. विनंतीची बॉडी एकदाच वाचता येते, म्हणून ती घेणारा एक्स्ट्रॅक्टर (विनंतीतून माहिती काढून देणारा पॅरामीटर) शेवटीच हवा. पाथ, क्वेरी आणि स्टेट (हँडलरांचा सामाईक डेटा) त्याच्या आधी. दुसरं, फंक्शन जे परत करतं त्यापासून रिस्पॉन्स बनवता येत नाही. रिझल्टमधला तुमचा स्वतःचा एरर प्रकार हा इथला नेहमीचा गुन्हेगार, त्याच्यासाठी ‘इंटू रिस्पॉन्स’ लिहावं लागतं.

तिसरं कारण खरं कठीण. हँडलरने स्टँडर्ड लायब्ररीच्या म्यूटेक्सचं (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या प्रकाराचं) कुलूप घेतलं आणि ते हातात असतानाच ‘अवेट’ केलं, म्हणजे दुसऱ्या कामाच्या निकालाची वाट बघितली. टोकियो अनेक थ्रेडवर कामं फिरवतो, त्यामुळे अवेटपाशी थांबलेलं काम दुसऱ्याच थ्रेडवर पुढे सुरू होऊ शकतं. त्या कुलपाचा गार्ड, म्हणजे कुलूप आपल्याकडे असल्याची खूण, मात्र थ्रेड बदलू शकत नाही. म्हणून अख्खं फ्युचर (हँडलरचं पुढे पूर्ण होणारं काम) ‘सेंड’, म्हणजे थ्रेड बदलू शकणारं, राहत नाही आणि हँडलर नाकारला जातो. पुन्हा मालकीच, फक्त वेश वेगळा.

यावर ‘टोकियोचा म्यूटेक्स लाव’ असं लगेच सांगितलं जातं. एरर जाते, पण आता डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत असतानाही कुलूप अडकून राहतं आणि बाकीच्या विनंत्या रांगेत उभ्या. त्याऐवजी एक साधं, असिंक नसलेलं फंक्शन काढा. त्यात कुलूप घ्या, हवी ती व्हॅल्यू क्लोन करून परत द्या. फंक्शन संपलं की कुलूप सुटतं, मग निवांत अवेट करा. टोकियोचा म्यूटेक्स अवेट ओलांडून कुलूप धरणं खरोखर गरजेचं असेल तेव्हाच.

स्टेटची मांडणी अशी ठेवा: क्लोन डिराइव्ह केलेला एक स्ट्रक्ट, त्यात आर्कमध्ये (एकाच डेटाची मालकी अनेकांत वाटणाऱ्या वेष्टनात) म्यूटेक्स, म्यूटेक्समध्ये हॅशमॅप. आर्क क्लोन केल्यावर फक्त मोजणीचा आकडा एकने वाढतो, आतला डेटा तोच राहतो. इथला क्लोन बेधडक वापरा. राउटरवर (कुठला पाथ कुठल्या हँडलरकडे जातो ते ठरवणाऱ्या भागावर) ‘विथ स्टेट’ लावायला विसरलात तर एरर हँडलरपाशी न येता ‘सर्व्ह’च्या ओळीवर येते, तेव्हा भलतीकडे शोधत बसू नका.

हॅशमॅपवर चार-पाच रूट नीट चालले की मगच डेटाबेस जोडा. एसक्यूएलएक्स या डेटाबेस लायब्ररीचा पूल, म्हणजे कनेक्शनांचा साठा, आतून आधीच वाटून घेता येईल असा असतो, तो थेट स्ट्रक्टमध्ये ठेवा. त्याला म्यूटेक्समध्ये गुंडाळून क्वेरीभर कुलूप धरलं, तर पूलमध्ये दहा कनेक्शन असूनही एका वेळी एकच क्वेरी डेटाबेसपर्यंत पोचेल.