पीएचडीचं वेळापत्रक द्राक्षाची छाटणी बघून आखा

सांगलीत राहून शिवाजी विद्यापीठातून पीएचडी करणाऱ्यांना आधी वर्षांचे आकडे कळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022च्या नियमांनुसार कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, धरून किमान 3 वर्षं, कमाल 6; पुनर्नोंदणी केली तर आणखी 2, महिलांना त्यावरही 2. हे ऐकून मुलं निवांत होतात. पण विषय शेतीशी जोडलेला असेल तर वर्षं मोजून भागत नाही, हंगाम मोजावे लागतात.

माझा विषय द्राक्षबागायतदारांच्या कर्जाचा, गावं तासगाव-मिरज भागातली. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी झाली की पुढचे दीड-दोन महिने शेतकरी दावण्या या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीत असतो. आभाळ भरून आलं की औषध फवारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून थेट बागेत. अशा वेळी प्रश्नावली घेऊन बांधावर उभं राहिलात तर चहा मिळेल, उत्तरं नाहीत. जानेवारीपासून माल निघायला लागतो, मग व्यापारी, मजूर, बेदाण्याचे शेड. एप्रिलात खरड छाटणी. निवांत माणूस भेटतो तो पावसाळ्यात, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या कट्ट्यावर. (सोसायटीच्या सचिवांकडे मात्र मार्चअखेरीला फिरकू नका.)

म्हणजे मुलाखती जूनमध्ये हव्यात, तर दोन-चार शेतकऱ्यांवर तपासलेली प्रश्नावली मार्चपर्यंत हातात पाहिजे. त्याआधी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर, त्याआधी कोर्सवर्क: 12 ते 16 क्रेडिट, पास व्हायला 55 टक्के. असं उलटं मोजत या. जून हुकला की वर्ष गेलं.

गाईड ठरवताना त्यांच्या निवृत्तीची तारीख विचारायला लाजू नका. सेवेची 3 वर्षंही उरली नसतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागाही मोजक्याच: असिस्टंट प्रोफेसरकडे एका वेळी 4, असोसिएटकडे 6, प्रोफेसरकडे 8.

दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. बरेच जण आदल्या रात्री स्लाइड करतात. मी त्याच निमित्ताने एकेक प्रकरण लिहून काढायचे. कच्चं का होईना, कागदावर यायचं.

शोधनिबंधाची सक्ती यूजीसीने 2022मध्ये काढली, तरी विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघाच. आणि प्रबंध जमा केला म्हणजे डिग्री हातात आली असं नव्हे. बाहेरच्या किमान 2 परीक्षकांचे अहवाल, मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. नियम सांगतो हे सगळं 6 महिन्यांत उरकावं. घरच्यांना तारीख सांगताना मात्र अख्खं एक वर्ष धरून सांगा.