दुसरा राउटर लावताय? आधी पत्ते कोण वाटतंय ते बघा

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ एका जुन्या वाड्यात आहे. राउटर पुढच्या खोलीत, चार टेबलं मागच्या माजघरात, आणि मध्ये हातभर जाडीची भिंत. मागे रेंज यायचीच नाही. म्हणून दुसरा राउटर आणला. लावायला आलेल्या मुलाने तो खोक्यातून काढला आणि तसाच केबलला जोडून दिला. तारीख २०, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) भरायचा शेवटचा दिवस. तासाभरात निम्म्या कॉम्प्युटरांचं नेट गेलं आणि प्रिंटरही बंद पडला.

संध्याकाळी मी बसून शोधलं तेव्हा कळलं. दोन्ही राउटरांचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ओळखायचा आयपी क्रमांक, एकच होता, १९२.१६८.१.१. शिवाय दोघंही डीएचसीपीने (जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आपोआप पत्ता देणारी सोय) पत्ते वाटत होते. प्रिंटरला आम्ही शेवटी ५० असलेला पत्ता (१९२.१६८.१.५०) कायमचा दिलेला. नव्या राउटरला त्याची काय खबर? त्याने तोच पत्ता एका आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलीच्या मोबाईलला देऊन टाकला होता.

त्यानंतर ओळखीच्या ऑफिसांत मी स्वतः दुसरे राउटर लावून दिलेत. एका ऑफिसात पत्ते वाटणारा एकच हवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

आधी जुन्या राउटरचं बघा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं की 'डिफॉल्ट गेटवे'समोर त्याचा पत्ता दिसतो. ब्राउझरमध्ये तो टाकून आत जा आणि डीएचसीपीची हद्द, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा शेवटचा आकडा, १०० ते २०० करून ठेवा. १०० च्या खालचे आकडे आपल्या हातात राहतात: टॅलीचा डेटा असलेल्या कॉम्प्युटरला १०, प्रिंटरला ५०, नव्या राउटरला २. कोणता आकडा कुणाला दिला ते लगेच कागदावर उतरवा.

आता नवा राउटर. त्याला ऑफिसच्या नेटवर्कला अजून जोडायचं नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, केबल नव्या राउटरच्या लॅन पोर्टला (ऑफिसातली यंत्रं जोडायची खाच) लावा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता उघडा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (यात राउटर फक्त वाय-फाय पसरवतो) असेल तर तोच निवडा, डीएचसीपी बहुतेक आपोआप बंद होतं. नसेल तर लॅनचा पत्ता बदलून (जुन्याचा आमच्यासारखा १९२.१६८.१.१ असेल तर) १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. इथे पान गोठल्यासारखं होतं, घाबरू नका, पत्ता बदलल्यामुळे ते होतं. केबल काढून परत लावा, नव्या पत्त्याने आत जा आणि मगच डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा केला तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणीच उरत नाही, त्याच्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि पान उघडत नाही. तसं झालंच तर लॅपटॉपला राउटरच्या रांगेतला, म्हणजे पहिले तीन आकडे राउटरसारखेच असलेला, एखादा पत्ता हाताने द्या.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुन्यासारखेच ठेवा, म्हणजे पुढून मागे जाताना मोबाईल स्वतःच बदलून घेतो. २.४ गिगाहर्ट्झवर जुना चॅनेल १ वर असेल तर नवा ६ किंवा ११ वर ठेवा, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांच्या आड येत नाहीत.

मग केबल: जुन्याच्या लॅनमधून नव्याच्या लॅनमध्ये. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट (बाहेरून इंटरनेट आत यायची खाच) रिकामं राहू द्या. आणि केबल एकच! 'असू दे जास्तीची' म्हणून दुसरी लावली की लूप होतो (डेटा दोघांत गोल फिरत राहतो) आणि अख्खं नेटवर्क ठप्प होऊ शकतं.

बरेच जण पाहुण्यांसाठी वेगळं नेट हवं म्हणून वॅन पोर्टच वापरतात आणि आतली रांग १९२.१६८.२ ची करतात. पत्ते भांडत नाहीत हे खरं, पण मागे बसलेला पाहुणा पुढच्या प्रिंटरपर्यंत आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकतो. क्लायंटची कागदपत्रं असलेल्या ऑफिसात मला हे चालत नाही. त्यासाठी मुख्य राउटरचं गेस्ट नेटवर्क वापरा.

शेवटी माजघरात जाऊन मोबाईल जोडा. त्याचा पत्ता १०० ते २०० मधला आणि गेटवे १९२.१६८.१.१ दिसला पाहिजे. मग प्रिंटरवर एक पान काढा. एखादा कॉम्प्युटर अडला तर तो बंद करून चालू करा, नवा पत्ता घेतो. आमचा पत्त्यांचा कागद स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.