टपाल आणि कुरिअरचे दर बदलले की छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांनी या चुका टाळाव्यात

ठाणे, कळवा, कोपरखैरणे, नेरूळ या भागांत घरातूनच मसाले, विणलेली खेळणी, कापडी पिशव्या किंवा छापील शुभेच्छापत्रे विकणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या खर्चात कच्च्या मालाच्या खालोखाल वाटा पार्सलचा असतो. दरवाढीमुळे नफा गेला, अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते. मात्र हिशेब उलगडून पाहिला तर पुष्कळदा असे दिसते की दरवाढीपेक्षा अधिक नुकसान जुन्या दराने केले आहे. तो विक्रीच्या किमतीत, मोफत घरपोच सेवेच्या मर्यादेत, खोक्याच्या मापात आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या दरपत्रकात मुरलेला असतो आणि तिथून तो कोणीच काढलेला नसतो.

वाढ सरसकट टक्क्यांत धरणे

दर साधारण इतके टक्के वाढले, असे ऐकून सगळ्या मालावर तेवढीच वाढ लावणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. स्पीड पोस्टचे देशांतर्गत दर ऑक्टोबर २०१२ नंतर एकदम १ ऑक्टोबर २०२५ रोजी बदलले. त्या वेळी दस्तऐवजांच्या दरांसोबत वजनाचे टप्पेही बदलले, याकडे अनेकांचे लक्षच गेले नाही. पूर्वी ५१ ते २०० ग्रॅम हा एक टप्पा होता आणि २०१ ते ५०० ग्रॅम हा पुढचा. आता ५१ ते २५० आणि २५१ ते ५०० असे टप्पे आहेत.

याचा परिणाम कसा होतो, हे दस्तऐवज म्हणून बुक होणाऱ्या दोन पाकिटांवरून पाहता येईल. ठाण्याहून नागपूरला जाणाऱ्या १८० ग्रॅमच्या पाकिटाला पूर्वी ४० रुपये आणि कर पडत असे. टपाल खात्याच्या नव्या दरतक्त्यात ५०१ ते १००० किलोमीटरसाठी ६८ रुपये आणि कर पडतो, म्हणजे वाढ तब्बल ७० टक्के आहे. याउलट दिल्लीला जाणारे २२० ग्रॅमचे पाकीट पूर्वी वरच्या टप्प्यात जात असल्याने त्याला ८० रुपये पडत. ते आता २५० ग्रॅमच्या आत बसते आणि त्याला ७२ रुपये पडतात. जवळच्या नागपूरचे पाकीट कडाडले आणि दूरच्या दिल्लीचे स्वस्त झाले. ज्याने दोन्हींवर एकच टक्केवारी लावली, त्याने एका ग्राहकाकडून कमी घेतले आणि दुसऱ्याकडून जास्त.

म्हणून दर बदलले की आपल्याकडील प्रत्येक वस्तूचे, पॅकिंगसह तयार झालेल्या पाकिटाचे वजन पुन्हा करावे आणि ते नव्या टप्प्याच्या काठाच्या अलीकडे पडते की पलीकडे, हे पाहावे. स्वयंपाकघरातील वजनकाटा त्यासाठी पुरेसा आहे. मात्र वजन करताना टेप, पत्त्याचे लेबल आणि आतील आभारपत्रासह करावे, कारण काउंटरवरील काटा हे सगळे मोजतो. काठावरच्या वस्तूंसाठी दहा-पंधरा ग्रॅमची सवड ठेवलेली बरी. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, हे खाडीकाठच्या ठाण्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या तक्त्यातील आकडे दस्तऐवजांचे आहेत. वस्तू पार्सल म्हणून बुक झाली तर तिचे दर वेगळे असतात, त्यामुळे पावतीवर सेवेचे नेमके कोणते नाव छापले आहे, हे एकदा नीट वाचावे. तसेच ठाण्याहून मुंबईला किंवा वाशीहून ठाण्याला म्हणजे स्थानिक दर, असे गृहीत धरू नये. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही पिनकोड टाकून जो दर दिसेल तोच धरावा.

खोक्याचे माप न बदलणे

खासगी कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर पैसे आकारतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतात आणि येणारे उत्तर किलोग्रॅममध्ये धरतात. भाजक कंपनीगणिक आणि सेवेगणिक वेगळा असू शकतो, म्हणून तो कंपनीने आपल्याला दिलेल्या रेट कार्डमधून, म्हणजे दरपत्रकातून, पाहून घ्यावा.

समजा, लोकरीच्या एका खेळण्याचे वजन ३०० ग्रॅम आहे आणि ते २५ × २० × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात जाते. आकारमानी वजन दीड किलो भरते आणि पैसे दीड किलोचेच पडतात. तेच खेळणे थोडे दाबून २० × १५ × ८ च्या खोक्यात बसवले तर ४८० ग्रॅम भरते आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यात जाते. आता बारकावा असा की खोके गच्च भरल्यामुळे वरची झाकणे फुगली आणि उंची ८ ऐवजी ९ सेंटिमीटर झाली, तर हिशेब ५४० ग्रॅमवर जातो आणि पार्सल पुढच्या टप्प्यात सरकते. केंद्रातील यंत्र खोक्याचा सर्वांत फुगलेला भाग मोजते. खोक्यावर छापलेले माप ते वाचत नाही. दर वाढला की प्रत्येक वरच्या टप्प्याची किंमतही वाढते, त्यामुळे गेल्या वर्षी चालून गेलेले मोठे खोके या वर्षी परवडेलच असे नाही. सवलतीत मिळाले म्हणून एकाच मापाचे शंभर खोके घेऊन ठेवणे ही काटकसर नव्हे.

वजनात तफावत दाखवून कंपनीने जास्तीची रक्कम कापली तर हरकत घेण्यासाठी ठरावीक मुदत असते आणि पुराव्याशिवाय ती हरकत टिकत नाही. पार्सल काट्यावर ठेवून लेबल आणि आकडा एकत्र दिसेल असे एक छायाचित्र, आणि मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंची छायाचित्रे, एवढे पिकअपच्या आधी काढून ठेवले की पुढचा वाद सोपा होतो. ज्यांच्याकडे मोजक्याच मापांची खोकी आहेत, त्यांनी प्रत्येक मापाची छायाचित्रे आधीच तयार ठेवावीत. वजनाचे तेवढे दर वेळी नव्याने काढावे लागते.

मालाचे माप ठरवतानाच टप्प्याचा विचार केला तर यातील पुष्कळ त्रास टळतो. गोडा मसाला २५० ग्रॅमच्या पाकिटात भरला की दोन पाकिटांची ऑर्डर पॅकिंगसह अर्धा किलो ओलांडते आणि ग्राहकाला एक किलोचे भाडे पडते. पाकीट २०० ग्रॅमचे केले तर दोन पाकिटे पॅकिंगसह अर्ध्या किलोच्या टप्प्यात आरामात बसतात. दर बदलल्यावर खोक्याबरोबरच पाकिटाच्या मापाचाही फेरविचार करावा तो यासाठी.

कर आणि परत येणारी पार्सले विसरणे

तक्त्यातील दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ६८ रुपयांचे पाकीट ८० रुपये २४ पैशांना पडते. जीएसटी नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतील (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेतील) विक्रेत्याला हा कर परत मिळत नाही, त्यामुळे त्याने संपूर्ण रक्कम खर्च म्हणूनच धरावी.

परत येणाऱ्या पार्सलांचा हिशेब अधिक फसवा आहे, विशेषतः कॅश ऑन डिलिव्हरीत. शंभर पार्सले पाठवली, जाण्याचे भाडे ७० रुपये, दहा पार्सले ग्राहकाने न घेतल्याने परत आली आणि परतीचेही ७० रुपये पडले, तर एकूण खर्च ७,७०० रुपये होतो आणि तो पोहोचलेल्या नव्वद पार्सलांवरच वसूल करावा लागतो. म्हणजे प्रत्येकी साधारण ८५ रुपये ५६ पैसे. दर दहा रुपयांनी वाढून ८० झाला की हाच आकडा ९७ रुपये ७८ पैशांवर जातो. कागदावर वाढ दहा रुपयांची, खिशातून मात्र सव्वाबारा रुपये जातात. ज्यांचा परतीचा आकडा मोठा आहे त्यांनी आधी पत्ता आणि फोन पडताळण्याची शिस्त लावावी; स्वस्त कुरिअर शोधण्याचे काम त्यानंतरचे.

मोफत घरपोच सेवेची मर्यादा तशीच ठेवणे

पाचशे किंवा सहाशे रुपयांवर शिपिंग मोफत, अशी मर्यादा एकदा लावली की ती वर्षानुवर्षे हलत नाही. ग्राहक नाराज होईल ही भीती असते. प्रत्यक्षात ग्राहक एकूण रक्कम पाहतो आणि मर्यादा ५९९ वरून ६९९ झाल्याचे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ज्यांना ती वाढवायची नाही, त्यांनी मोफत सेवा महाराष्ट्रापुरती ठेवून बाहेरच्या राज्यांसाठी ठरावीक रक्कम लावावी. सर्व दरांचा भार वस्तूच्या किमतीत घालणे मला फारसे पटत नाही, कारण तसे केले की डोंबिवलीचा ग्राहक गुवाहाटीच्या ग्राहकाचे भाडे भरतो.

दर कधी बदलतात हे माहीत नसणे

टपाल खात्याने तेरा वर्षांनी दर बदलले म्हणून सगळेच इतके थांबतात असे नाही. खासगी कंपन्यांची वाढ बहुधा वर्षारंभी लागू होते. ब्लू डार्टने १ जानेवारी २०२५ पासून सरासरी ९ ते १२ टक्के वाढ जाहीर केली होती. इंधन अधिभार तर त्याहून वारंवार बदलतो आणि तो मूळ दरात न दिसता बिलात वेगळा दिसतो. ज्यांची पार्सले अॅग्रीगेटरमार्फत, म्हणजे अनेक कुरिअर कंपन्यांची सेवा एकाच ठिकाणी देणाऱ्या मध्यस्थामार्फत, जातात, त्यांना नवे रेट कार्ड ईमेलने येते आणि ते बहुधा जाहिरातींच्या गर्दीत हरवते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डॅशबोर्ड उघडून तीन-चार नेहमीच्या पिनकोडचे दर तपासणे, हे त्यावरचे साधे औषध आहे.

बंद झालेल्या किंवा नव्या सेवांची दखल न घेणे

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तरी अनेकांच्या दरपत्रकावर तिचा पर्याय अजून छापलेला दिसतो. ठरावीक व्यक्तीच्याच हाती पाकीट द्यायचे असेल तर आता स्पीड पोस्टवर नोंदणीची जोड घेता येते. तिला ५ रुपये आणि कर पडतो. ओटीपी घेऊन वितरण करण्याच्या सोयीलाही तेवढेच लागतात.

पुस्तके विकणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे तिचे दर आहेत. पाकीट जमिनीवरील मार्गाने जाते, म्हणून ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. नियतकालिके आणि जाहिरातीचे साहित्य या सेवेत चालत नाही. त्यामुळे पुस्तकासोबत आपल्या दुकानाचे जाहिरातपत्रक खुपसण्याचा मोह टाळलेला बरा.

परदेशी ऑर्डर जुन्या दरपत्रकावर घेणे

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरील आयात शुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्या आधीच आपल्या टपाल खात्याने तिकडची बुकिंग रोखण्यास सुरुवात केली होती आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. फराळाच्या ऑर्डर आगाऊ घेऊन ठेवलेल्यांची त्यात कोंडी झाली. आता टपालाने तिकडे माल पाठवताना शुल्क बुकिंगच्या वेळीच भरावे लागते आणि त्याचे प्रमाण बदलते राहते. म्हणून परदेशासाठी छापील दर देऊच नयेत. ऑर्डर नक्की करण्याच्या दिवशी काउंटरवर चौकशी करून रक्कम कळवावी आणि ती किती दिवस ग्राह्य राहील तेही लिहावे.

देशातील ऑर्डरबाबतही अशीच एक फट राहून जाते. दर बदलण्याच्या आदल्या दिवशी पैसे घेतलेल्या, पण दुसऱ्या दिवशी बुक होणाऱ्या पार्सलांना नवा दर लागतो. आठवडाभरात तयार होणारा माल विकणाऱ्यांनी नवी शिपिंग रक्कम दर लागू होण्याच्या आठवडाभर आधीच संकेतस्थळावर टाकावी, व्हॉट्सअॅपच्या दरपत्रकावर ‘या तारखेपर्यंत लागू’ असे ठळक लिहावे आणि जुने चित्र कॅटलॉगमधून त्याच दिवशी काढून टाकावे.