बॅकयार्डमध्ये हरणी व्यायलीय आणि घरात कुत्रा आहे, मग काय करायचं

हरीण म्हणजे गरीब, भित्रं, पान हललं तरी पळणारं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. माझे बाबा तेच डोक्यात घेऊन गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून इकडे न्यू जर्सीला आले. तिसऱ्याच दिवशी सकाळी डेकवर चहा पिता पिता दबक्या आवाजात हाका मारायला लागले, "अगं ये लवकर, दारात हरीण आलंय, कॅमेरा आण." चार दिवसांनी मी बघते तर रात्रीच्या उरलेल्या पोळ्या आईच्या नकळत डेकच्या पायरीवर ठेवलेल्या. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा बंड्या (बीगल, वय सात, वजन भरपूर) बाबांबरोबर घराच्या बाजूने मागे गेला, तर हायड्रेंजियाच्या झुडपामागून तीच पोळीवाली हरणी पुढे आली. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, धप्प. थांबली, परत धप्प. बाबांना वाटलं खेळतेय! तिसऱ्या वेळी ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढचे दोन्ही खूर बंड्याच्या पाठीवर. दोन बरगड्यांना चीर, फुप्फुसाला मार, एक रात्र इमर्जन्सीत. बिलाचा आकडा बाबांना मी रुपयांत अजून सांगितलेला नाही.

चूक हरणीची नव्हती, बंड्याचीही नव्हती, आम्हाला माहिती नव्हती एवढंच. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरी आई-बाबा उन्हाळ्यातच येतात आणि कुत्रा फिरवायचं काम आनंदाने अंगावर घेतात.

पहिली गोष्ट म्हणजे कॅलेंडर. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पिल्लं मुख्यतः मे अखेर ते जून या काळात जन्मतात, बऱ्याचदा जुळी. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लू आईच्या मागे पळत नाही, गवतात किंवा झुडपात अंग चोरून गपचूप पडून राहतं, अंगाला वास जवळजवळ नसतो, पाठीवर ठिपके. आई मुद्दाम लांब चरते म्हणजे तिच्या वासाने कुणी माग काढत येऊ नये, आणि दिवसातून मोजक्या वेळा येऊन दूध पाजून जाते. पण लांब म्हणजे किती, तर तिला सगळं दिसेल, ऐकू येईल एवढंच. आता तिच्या जागी उभं राहून बघा, न्यू जर्सीच्या २१ च्या २१ काउंटीत (म्हणजे जिल्ह्यांत) कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचे जंगली प्राणी आहेत, ते पिल्लं खातात, आणि आपला कुत्रा दिसायला, वासाला, चालायला त्याच जातकुळीतला. तो नुसता फुलं हुंगत चाललाय हे तिला कसं कळणार. गळ्यातला पट्टा बघून ती सूट देत नाही.

बरं हा आपल्याच घरचा अपवाद म्हणावा तर तसंही नाही. २००५ साली इलिनॉयमध्ये कार्बनडेलच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसवर पिल्लांच्या सीझनमध्ये हरणींनी माणसांवरच हल्ले केले होते, पुढच्या वर्षी परत. शहराला सरावलेली हरणी माणसाला घाबरायची थांबलेली असते, पण पिल्लासाठी भांडायची थांबलेली नसते, आणि हे दोन्ही एकत्र आलं की गडबड.

म्हणून १५ मे ते जून अखेर, हे जवळजवळ सात आठवडे फिरायचं रूटीन बदला. एकच उपाय करायचा असेल तर हाच करा, बाकीचं नंतर. अगदी उजाडताना आणि संधिप्रकाशात हरणं जास्त फिरतात, तेव्हा थोडं उन्हं वर आल्यावर निघा. जंगलाच्या कडेची पायवाट, ओढ्याकाठचा ट्रेल, उंच गवत हे सगळं जुलैपर्यंत विसरा आणि सरळ फुटपाथवरून चाला. लीश साधी सहा फुटी घ्या, ती बटण दाबून लांब होणारी नको, कारण कुत्रा पंधरा फूट पुढे झुडपात घुसतो आणि आपल्याला कळायच्या आत प्रकार घडून गेलेला असतो. एकदा एखाद्या जागी हरणीने फुरफुर केली की त्या रस्त्याने दोन-तीन आठवडे जायचं नाही, ती जागा तिची.

घरी बॅकयार्डचं दार उघडण्याआधी स्वतः बाहेर या. मी आता काय करते, आधी डेकवरचा लाइट, मग दोन टाळ्या, मग डेकवरून खाली पॅचिसँड्राच्या (जमिनीलगत दाट पसरणारं झाड) वाफ्यात, झुडपांच्या बुडाशी, शेडच्या मागे एक नजर, आणि मगच बंड्या लीशवर. अर्धा मिनिट लागतो. लॉन कापण्याआधीही एक चक्कर मारा कारण पिल्लू मशीनचा आवाज आला तरी उठत नाही, तिथेच दबून बसतं.

हरणी चिडलीय हे ओळखायचं कसं. मान वर करून टक लावून बघते तोवर ठीक आहे. मग कान मागे जातात, मान खाली येते, नाकातून जोरात फुस्स करून हवा सोडते, पुढचा पाय आपटते. पाय आपटणं म्हणजे शेवटची नोटीस समजा. शेपटी वर करून पळाली तर सुटलात, पण शेपटी वर न करता ताठ पायांनी तुमच्याच दिशेने यायला लागली तर तिथे फोटो काढत उभं राहायचं नाही (हे वाक्य बाबांसाठी).

अशा वेळी पाठ फिरवून पळू नका. तिच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरका, आणि मध्ये काहीतरी येऊ द्या, गाडी, झाड, कचऱ्याचा मोठा डबा, काहीही. कुत्र्याला भुंकू देऊ नका हे सांगणं सोपं आहे, बीगलवाल्यांना विचारा, पण लीश आखूड धरून त्याला आपल्या मागे घेता येतं. छोटा कुत्रा असेल आणि ती अजून लांब असेल तर आत्ताच उचला, ती अंगावर आल्यावर वाकून उचलायला जाल तर खूर तुमच्या डोक्यावर बसतील. मोठी ऑटोमॅटिक छत्री जवळ असली तर तिच्या दिशेने फाडकन उघडा, मी या सीझनला ऊन असलं तरी छत्री घेऊन फिरते, शेजारी हसतात, हसू देत. आणि समजा झालाच हल्ला, तर माझं मत स्पष्ट आहे, लीश सोडून द्या. कुत्रा आपल्यापेक्षा जोरात पळतो, लीशला बांधलेला कुत्रा म्हणजे खुंटीला बांधलेला कुत्रा, आणि दुसऱ्या टोकाला आपण. खाली पडलात तर डोकं हातांनी झाकून अंग आवळून घ्या.

मार लागल्यावर "बघू सकाळपर्यंत" करू नका. खूर छोटा आणि टोकदार असतो, वरून कातडीला ओरखडासुद्धा दिसत नाही आणि आत बरगडी, फुप्फुस, पोटात रक्तस्राव. बंड्या घरी येऊन पाणी प्यायला, शेपटीही हलवली, आम्हाला वाटलं निभावलं. तासाभराने श्वास उथळ, हिरड्या पांढुरक्या. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे, त्याला वेळ लागत होता. मग गाडी काढली. खरं तर त्या तासाभरातच निघायला हवं होतं. चोवीस तास चालणारं जवळचं इमर्जन्सी हॉस्पिटल कुठलं ते आजच फोनमध्ये सेव्ह करा, आई-बाबांच्या फोनमध्ये पण, आणि नेताना चादरीवर आडवं ठेवून दोघांनी उचला, काखेत हात घालून नको.

आता पिल्लू सापडलं तर. कुत्रा एका जागी थांबून नाक खुपसतोय आणि गवतात ठिपके दिसले, की लीश आखूड करून आले त्या वाटेने परत. पिल्लू एकटं आहे म्हणजे अनाथ नाही. घरात आणू नका, दूध पाजू नका, परवाना नसताना जंगली प्राणी घरी ठेवणं इथे बेकायदा आहे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही अफवा आहे, पण म्हणून हात लावायचा परवाना मिळाला असं नाही. आई जवळच मरून पडलीय, पिल्लू जखमी आहे, अंगावर माश्या घोंगावताहेत किंवा दिवसभर ओरडत फिरतंय, तरच राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडे किंवा परवाना असलेल्या रिहॅबवाल्यांना (जखमी जंगली प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांना) फोन.

कुंपणाचं सगळे विचारतात. हरीण आठ फुटांवरून उडी मारू शकतं, आणि बहुतेक टाउनशिप मागच्या अंगणात सहाच्या वर जाऊ देत नाहीत, एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर बघायलाच नको. पण पलीकडे कुठे उतरायचंय ते दिसत नसेल तर हरीण सहसा उडी घेत नाही, म्हणून सहा फुटी बंद लाकडी कुंपण हे जाळीच्या तेवढ्याच उंचीच्या कुंपणापेक्षा बरं. खालची फट बुजवा, नाहीतर पिल्लू आत आणि आई बाहेर असा तमाशा होतो. हरीण आत अडकलंच तर कुत्रा घरात, गेट सताड उघडं, आणि आपणही घरात, ते आपलं आपण जातं. जमिनीखालच्या वायरवालं, कुत्रा हद्दीजवळ गेला की गळपट्ट्यातून शॉक देणारं अदृश्य कुंपण मात्र या बाबतीत कामाचं नाही उलट घातक, हरणाला ते अडवत नाही आणि शॉकच्या भीतीने कुत्र्याला पळता येत नाही.

आणि त्यांना बोलावणं बंद करा. होस्टा आणि ट्युलिप म्हणजे हरणांसाठी मांडलेलं ताट आहे. रटगर्स युनिव्हर्सिटीने कुठली झाडं हरणं किती खातात याची यादीच केलीय, नर्सरीत जाण्याआधी ती बघा, डॅफोडिल आणि लॅव्हेंडरला सहसा तोंड लावत नाहीत. सडक्या अंड्याच्या वासाचा स्प्रे चालतो, पाऊस झाला की परत मारायचा. आणि पोळी, ब्रेड, मका, काहीही घालायचं नाही. पुण्य लागत नाही, एकदम जास्त धान्य खाल्लं की त्यांच्या पोटात आम्ल वाढून ती मरूही शकतात, शिवाय बऱ्याच टाउनमध्ये खायला घालायला बंदी आहे. बाबांना "मुका जीव आहे गं" वरून "बरं, नाही घालत" वर यायला बंड्याच्या बरगड्या लागल्या.

मांजर असेल तर घरातच ठेवा, वर्षभर. ब्रिटिश कोलंबियातल्या क्रॅनब्रुकमधला २०१० चा व्हिडिओ खूप फिरला होता, तिथे पिल्लाजवळ कुतूहलाने गेली मांजर आणि खूर खाल्ले जवळ आलेल्या कुत्र्याने.

जून संपला की निवांत असं समजू नका, दुसरा सीझन दिवाळीच्या आसपास येतो. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा मध्य नर माजावर असतात, शिंगं पूर्ण वाढलेली, मान फुगलेली, झाडांची सालं घासून काढलेली दिसतात. मादीच्या मागे ते रस्ता-बिस्ता काही बघत नाहीत. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, संध्याकाळची फेरी अचानक अंधारात होते. इथे शिंगांइतकीच भीती गाडीची आहे, हरीण पळालं की कुत्रा हिसडा मारून रस्त्यावर जातो. हार्नेस घाला, चमकणारी पट्टी लावा.

गोचीड हा वेगळा विषय पण सोडता येत नाही. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाला कनेक्टिकटमधल्या लाइम गावाचं नाव १९७० च्या दशकात पडलं. गंमत म्हणजे गोचिडीला तो जंतू हरणाकडून मिळत नाही, मुख्यतः उंदरांकडून मिळतो, हरीण फक्त मोठ्या गोचिडींचं खाणं आणि वाहन. फिरून आल्यावर कानामागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि जांघेत बोटं फिरवा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, उदबत्तीचा चटका असले गावाकडचे प्रयोग नकोत. साधारण चोवीस तासांच्या आत काढली तर लाइमचा धोका बराच कमी असतो. कुत्र्यांसाठी लाइमची आणि लेप्टोची लस आहे, व्हेटला विचारा. आणि कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजरीला चुकूनही लावू नका, तिच्यासाठी ते विष आहे.

परत गेल्यावर बाबांनी हे सोसायटीत रंगवून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, कारण आपल्याकडे उलटं असतं. ठाण्यात येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांना माहीत असेल, तिथे कुत्री चितळांच्या मागे लागतात, आणि दात न लागताही नुसत्या धावण्याच्या धसक्याने हरीण मरू शकतं. तिकडे असाल तर कुत्रा लीशवरच ठेवा, जखमी हरीण दिसलं तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे.

बंड्या बरा आहे. यंदा आई-बाबा मेच्या पहिल्या आठवड्यात येताहेत. फ्रिजवर मी १५ मे ते ३० जूनचा कागद लावलाय, आणि दाराशी बाबांची छत्री.