ओव्हरक्लॉकिंगकडे परतताना या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त वेगाने चालवणे. इंटेलच्या क्यू६६०० या प्रोसेसरची फ्रंट साइड बस (मूळ घड्याळगती, जिला मल्टिप्लायर या गुणकाने गुणून प्रोसेसरची गती ठरते) २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झवर नेली की २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर धावत असे. २०११ मधील आय५-२५००के मध्ये तर मल्टिप्लायर ४५ केला आणि व्होल्टेज किंचित वाढवले की बहुतेकांचे काम भागत असे. त्या काळात हा छंद जोपासून पुढे नोकरी-संसाराच्या रगाड्यात तो सोडून दिलेली बरीच मंडळी आता नवा डेस्कटॉप जुळवून पुन्हा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, शिरू लागली आहेत. त्यांच्या चुका ठरलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेकींचे मूळ जुन्या अनुभवावरील अवाजवी विश्वासात असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना (आतल्या स्वतंत्र गणनाएककांना) एकच मल्टिप्लायर आणि एकच व्होल्टेज ठोकून देणे. २५००के मध्ये कंपनीने बरीच क्षमता न वापरता ठेवली होती. आजचा प्रोसेसर मात्र तापमान, विद्युतप्रवाह आणि वीजवापर पाहून क्षणोक्षणी आपली गती स्वतःच वाढवत असतो, त्यामुळे आपल्यासाठी फारसे काही शिल्लक उरत नाही. एएमडीचा रायझन ९ ५९५०एक्स कमी भार असताना ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याचे सोळाही कोअर ४.४ वर बांधून ठेवले, तर रेंडरिंगच्या चाचणीत आकडा कदाचित वाढेल, पण एक-दोन कोअरवर चालणारे रोजचे काम आणि बरेचसे गेम पूर्वीपेक्षा मंदावतील. पैसे खर्चून कूलर घ्यायचा आणि संगणक हळू करून ठेवायचा, हा उद्योग मला कधीच कळलेला नाही. रायझन असेल तर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (वीजमर्यादा सैल करून प्रोसेसरला स्वतःच अधिक वर चढू देणारी सोय) सुरू करावे आणि ५००० मालिकेपासून मिळणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज हळूहळू उतरवावे. त्याचा एक टप्पा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. व्होल्टेज उतरले की उष्णता घटते आणि मोकळ्या झालेल्या मर्यादेत प्रोसेसर आपोआप वर चढतो.

मात्र येथेच दुसरी चूक दबा धरून बसलेली असते. माझ्या परिचयातील एका वास्तुविशारदांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहून रायझन ७ ५८००एक्सच्या आठही कोअरना कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे ३० (तीस टप्पे खाली) हा आकडा दिला, रात्रभर सगळ्या कोअरवर ताणचाचणी चालवली आणि सकाळी ‘स्थिर आहे’ असे जाहीर केले. त्यानंतर संगणक रेंडरिंग करताना कधीच बंद पडला नाही. पण ब्राउझर उघडा ठेवून ते चहाला उठले की परत येईपर्यंत तो स्वतःहून रीस्टार्ट झालेला असे. त्यांनी प्रथम एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) बदलला, मग रॅम बदलली, शेवटी विंडोजही नव्याने टाकली. मी गेलो तेव्हा फक्त विंडोजमधील नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तेथे डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरमधील त्रुटींच्या, लाल नोंदींची रांग होती आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीतील एपीआयसी आयडी (कोअरचा ओळखक्रमांक) एकाच कोअरकडे बोट दाखवत होता. सगळे कोअर राबत असताना प्रत्येकाची गती शिखरापेक्षा बरीच खाली असते. हलक्या कामात मात्र एखादाच कोअर झेप घेऊन शिखर गाठतो आणि नेमके तेथे व्होल्टेज अपुरे पडते. त्यातही उत्तम ठरवलेल्या कोअरना कारखान्यातूनच कमी व्होल्टेज दिलेले असल्यामुळे त्यांच्याकडे उतरवायला जागा सहसा कमी असते. तो एक कोअर उणे ८ वर आणला, बाकीचे उणे २० वर ठेवले आणि तक्रार संपली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा ठरवायचा, एका वेळी एकच बदल करून तो वहीत लिहायचा आणि रात्री कोअरसायकलर लावून एकेक कोअर स्वतंत्रपणे तपासायचा. हे कंटाळवाणे आहे हे मान्य. ज्यांना तासाभरात निकाल हवा असेल, त्यांनी बायोसला हात न लावलेला बरा.

दाखवलेल्या गतीवरही विश्वास ठेवू नये. व्होल्टेज फार उतरले तर रायझन बंद न पडता घड्याळाचे ठोके ताणतो. आकडा तोच दिसतो, काम मात्र कमी होते. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममधील ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्ष मिळणारी गती) पाहावा आणि प्रत्येक बदलानंतर सिनेबेंच या गतिचाचणीचे गुण ताडून घ्यावेत.

रायझन ७००० मालिकेतील ७९५०एक्ससारखे प्रोसेसर जड भाराखाली ९५ अंश सेल्सिअसवर जातात, कारण त्यांची रचनाच तशी आहे. ७०० रुपयांची थर्मल पेस्ट आणून ते बदलणार नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज घसरू न देणारी सेटिंग) कमाल पातळीवर ठेवू नये, कारण भार अचानक उतरताना व्होल्टेज उसळी घेते. रायझन ७००० वर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक असलेल्या भागाचे व्होल्टेज) १.३ व्होल्टच्या वर नेण्याचा विचारही करू नये; २०२३ मध्ये जळालेल्या ७८००एक्स३डी प्रोसेसरांच्या घटनांनंतर एएमडीने ही मर्यादा बायोसमध्येच घातली.

इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी वापरणाऱ्यांनी ओव्हरक्लॉकिंगच्या आधी बायोस अद्ययावत करावे. जास्त व्होल्टेजमुळे होणारी झीज रोखण्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनासंच) आणि पुढे त्यात सुधारणा आणल्या. परंतु आधीच झालेली झीज त्याने भरून निघत नाही, म्हणून या पिढ्यांतील आय७ किंवा आय९ जुन्या बाजारात स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.

रॅमचे एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (रॅमची गती वाढवणाऱ्या तयार सेटिंग्ज) हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे परतलेल्यांना सहसा ठाऊक नसते. मी प्रोसेसरला हात लावण्यापूर्वी रॅम रात्रभर तपासतो, कारण दोन्ही एकदम बदलले की चूक कोणाची हे शोधता येत नाही. डीडीआर५ बसवल्यावर, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डवर, पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगसाठी (रॅमशी जुळवून घेण्यासाठी) कित्येक मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. अधीर माणूस तिसऱ्या मिनिटाला रीसेट दाबतो, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि तो दुकानदाराला फोन करून मदरबोर्ड खराब निघाल्याचे सांगतो. पंधरा मिनिटे थांबावे आणि तरीही काही दिसले नाही, तरच बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणणारा सीमॉसचा जंपर शोधावा.